नाव सांगायचं नाही

शेतीशाळेच्या प्रशिक्षणात आम्हाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती. शेतकरी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या पानावरचा किडा आणून दाखवेल आणि विचारेल, हे काय आहे? तर नाव सांगायचं नाही. उलट त्यालाच विचारायचं. कुठं सापडला? पानाच्या वर होता का खाली? एकटाच होता का पुष्कळ होते? काय करत होता? खात होता म्हणता, तर पान खात होता का दुसरा किडा? एवढं करूनही त्याचं समाधान झालं नाही, तर किडा बाटलीत घालून तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं आणि दोन-चार दिवस पाहत राहायला सांगायचं. खात्यात अर्धी नोकरी काढलेल्या आम्हा कृषी सहायकांना हे ऐकून हसू आलं. शेतकऱ्यानं विचारावं आणि सरकारी माणसानं किडीचं नाव, औषधाचं नाव, पंपाला किती मिली ते सांगावं, हाच तर आमचा धंदा. नाव सांगितलं नाही तर लोक म्हणणार, "याले काईच येत नाई बाप्पा, फुकटचा पगार घेते."

ही पद्धत आली इंडोनेशियातून. तिथं भातावर तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता. फवारे वाढले तसे तुडतुडेही वाढले, कारण फवाऱ्यात त्यांना खाणारे कोळी आधी मरत. १९८६ मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं मध्य जावात पहिल्या शेतीशाळा भरल्या. वर्ग बांधावर, पुस्तक नाही, हंगामभर आठवड्यातली एक सकाळ. १९९९ ते २००४ या काळात युरोपीय संघाच्या पैशातून हीच पद्धत भारतासह आशियातल्या सहा देशांत कापसावर उतरली. आपल्याकडे २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळीनं हाहाकार केला, तेव्हा राज्यानं २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' नावाचा कीड-सर्वेक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढे शेतीशाळाही त्याला जोडल्या गेल्या.

हे सगळं खरं. पण माणसाला बोलतं करून, त्याच्याच हातानं शोधायला लावून शिकवणं ही गोष्ट वऱ्हाडात जावाहून आली, हे मानायला मी तयार नाही. अमरावती-अकोल्याकडे ती आधीपासून होती. तिच्या अगदी उलट रीतही होती, आणि सरकारदरबारी बहुतेक वेळ तीच चालली. मी काही इतिहासकार नाही, वावरातला माणूस आहे. जे पाहिलं, वाडवडिलांकडून ऐकलं आणि वाचलं, त्यातून सांगतो.

आधी पाठांतराचा मान ठेवतो, कारण आजकाल घोकंपट्टीला शिव्या घालायची फॅशन आहे. माझे आजोबा तिसरीपर्यंत शिकलेले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळी त्यांना तोंडपाठ. संध्याकाळी परवचा म्हणायचा, चुकला की पंतोजीची छडी. यात शोधणं कुठं होतं? शाळेत नव्हतंच. ते बाजारात होतं. कारंज्याला १८८६ मध्ये देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस-धान्याच्या बाजारांसाठी कायदाही आला. पण कायदा आला म्हणून आडत्याची बोटं काही सरळ झाली नाहीत. सव्वातीन मण माल, मणाला साडेसात रुपये, किती झाले? आडत्या कागदावर आकडे मांडेपर्यंत आजोबा मनात साडेसात त्रिक साडेबावीस, वर साडेसातचा पाव, म्हणजे चोवीस रुपये सहा आणे, असं करून मोकळे. कागदावर पावणेचोवीस दिसले की तिथंच भांडण. औटकी त्यांना मरेपर्यंत आठवत होती ती छडीमुळे नव्हे. दर हंगामात ती पैशाला लागत होती, आणि चूक आपली का आडत्याची हे जागच्या जागी कळत होतं. नुसती छडी खाल्लेले त्यांच्या वर्गातले बाकीचे पाढे विसरले. यांतले दोघं-तिघं सावकाराच्या वहीवर अंगठा उठवताना मीच पाहिले आहेत.

अंगठ्याचा विषय निघाला की आमच्या भागात गाडगेबाबांकडे यावंच लागतं. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव-सुर्जीकडचं शेंडगाव, म्हणजे अमरावती जिल्हा. वडील लवकर गेले, दारूनं. मग मामाच्या गावी दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यात, म्हणजे अकोला जिल्हा. गुरं राखली, नांगर धरला, पूर्णेत पोहले. मामाला अक्षर येत नव्हतं. सावकाराच्या कागदांनी जमीन गेली, आणि ती कशी गेली हे पोरसवदा डेबूनं डोळ्यांनी पाहिलं. स्वतःही निरक्षरच राहिला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजानं मटण आणि दारू व्हायची, तिथं यानं गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद चिडले. १९०५ मध्ये घर सोडलं. फाटकी गोधडी, हातात खराटा आणि मडक्याचं खापर. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेच्या पुस्तकात धडा असतोच. त्या धड्यात त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल मात्र फारसं काही नसतं.

बाबा गावात आले की आधी गाव झाडत. दिवसभर. कोणाला बोलावत नसत, रागावतही नसत. लोक पाहत, काहींना लाज वाटे, दोन-चार पोरं खराटा घेऊन मागं लागत. रात्री कीर्तन. म्हणजे कीर्तन सुरू व्हायच्या आधीच गावानं आपली घाण डोळ्यांनी पाहिलेली असे. एरवीच्या कीर्तनात बुवा निरूपण करतो आणि श्रोते माना डोलावतात. इथं बाबा विचारत आणि श्रोत्यांना बोलावं लागे. हळू बोलून चालत नसे. उत्तर आलं की तेच उत्तर ते परत लोकांपुढं टाकत, आणि त्यावर पुढचा प्रश्न.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत, वांद्र्याला, पोलिसांपुढं केलेलं त्यांचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी जरूर ऐकावं. त्यात ते विचारतात, जगात देव किती? लोक म्हणतात, एक. मग ते एकेका ग्रामदैवताचं नाव घेऊन, हा तुमच्या गावात आहे का, तो आहे का, विचारत जातात. लोक हो हो म्हणत जातात. आणि मग बाबा परत देवांची मोजदाद करायला लावतात. स्वतः काहीच सांगत नाहीत. समोरच्याच्या दोन उत्तरांची टक्कर त्याच्याच डोक्यात लावून देतात. सत्यनारायणाच्या प्रसादानं बुडालेली नाव वर येते ना, मग लढाईत बुडालेल्या बोटी काढून दाखवा, हा त्यांचा टोला प्रसिद्ध आहे. तोही एका अर्थी प्रश्नच. करून पाहा म्हणणारा. लग्नासाठी कर्ज किती काढलं, व्याज किती झालं, फेडलं कोणी, हे ते लोकांच्याच तोंडून वदवून घेत. आकडे गावातलेच असत. जेवणाचं ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हा निष्कर्ष येईतोवर श्रोत्यानं आपला हिशोब आपणच मांडून झालेला असे.

माझ्या वडिलांनी त्यांचं कीर्तन ऋणमोचनच्या यात्रेत ऐकलं होतं. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी हे गाव. पौषात रविवारी तिथं यात्रा भरते. तिथल्या चिखलात लोक घसरून पडत, म्हणून बाबांनी सुरुवातीच्या काळात तिथं घाटाच्या कामाला हात घातला होता. वडिलांना मी कैकदा विचारलं, कीर्तनातलं काय आठवतं? बाबांचं वाक्य ते कधीच धड सांगू शकले नाहीत. लोकांनी काय उत्तर दिलं ते मात्र बिनचूक सांगत. कोणता म्हातारा आधी बोलला, बायांच्या बाजूनं कोण ओरडलं, आणि "मी बी म्हणलो, शंभराले पंचवीस" असं स्वतःचं उत्तरही. व्याजाचा दर तो. मला ही गोष्ट पुष्कळ वर्षं विचित्र वाटत होती. एवढा मोठा माणूस समोर उभा, आणि आठवतंय काय, तर आपण काय बोललो ते!

पुढं वाचनात आलं की १९७८ मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या स्लामेका आणि ग्राफ या दोघांनी नेमकं हेच तपासलं होतं. काही लोकांना शब्द नुसते वाचायला दिले. काहींना एक शब्द आणि पुढच्याचं पहिलं अक्षर देऊन तो स्वतः काढायला लावला. स्वतः काढलेले शब्द वाचलेल्या शब्दांपेक्षा चांगले लक्षात राहिले. त्यानंतर अशा प्रयोगांची रांग लागली. मेंदूला धडपड करावी लागली की खूण खोल पडते, असं साधारण त्यांचं म्हणणं. आमच्या वडिलांच्या डोक्यात पंचवीस टक्के व्याज साठ वर्षं टिकलं, त्याची ही शास्त्रीय बाजू.

तुकडोजी महाराजांचं नाव इथं वाचकाला सुचेलच. यावलीचा जन्म, मोझरीला गुरुकुंज, १९५५ ची ग्रामगीता. गावंच्या गावं त्यांनी श्रमदानाला लावली. पण त्यांची शिकवण खंजिरीच्या ठेक्यावर, चालीत बसून आत जाते. ती आठवते ती चालीनं. तिची ताकद वेगळी आहे, आणि या लेखाचा तो विषय नाही.

हातानं काम करून शिकणं म्हणजे आपोआप शोधून शिकणं, असा एक गैरसमज शिकलेल्या लोकांत फार आहे. त्याचं उत्तर आमच्या शेजारीच मिळतं. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली, आणि नई तालीम जन्माला आली. सेवाग्रामला आर्यनायकम पती-पत्नीनं ती चालवली. हस्तोद्योग मध्यभागी आणि गणित, भूगोल, विज्ञान सगळं त्यातून निघायचं, अशी कल्पना. आपण तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. रविशंकर शुक्लांनी याच विचारातून विद्यामंदिर योजना काढली. तिच्या नावावरूनच मुस्लिम समाजातून विरोध झाला, युद्ध आलं, मंत्रिमंडळानं राजीनामे दिले. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शाळा आल्या.

मी अशाच शाळेत टकळी फिरवली. पेळू हातात, मांडीवर टकळी, मग फाळक्यावर सूत. ६४० तारांची एक गुंडी. गुरुजी गुंड्या मोजून वहीत मांडत. गणित तिथंच संपे. आमच्यातली जवळपास सगळी पोरं कापूसवाल्यांची. घरी पऱ्हाटीची गंजी, शाळेत टकळी. तरीही आमचं सूत वरचेवर का तुटतं, असं कोणी विचारलं नाही. त्या एका प्रश्नात काय नव्हतं! आमचा देशी कापूस आखूड धाग्याचा. मुंबईच्या बाजारात त्याला अमरावतीच्याच नावावरून 'ऊमरा' म्हणत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी तो नाइलाजानं घेतला, आणि युद्ध संपताच परत अमेरिकन कापसाकडे वळल्या. म्हणजे इतिहास झाला, भूगोल झाला. दोन बोटांत कापसाचा पुंजका ओढून धाग्याची लांबी पट्टीवर ठेवली असती तर विज्ञान झालं असतं. काहीच झालं नाही. सूत कातलं, जमा केलं, घरी गेलो. गांधीजींची कल्पना यात चुकीची नव्हती. प्रश्न काढून घेतला की उद्योग ही नुसती वेठ होते, एवढंच.

जाता जाता ताराबाई मोडकांचा उल्लेख करायला हवा. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न होऊन त्या इथं आल्या आणि काही वर्षं राहिल्या. पुढं गुजरातेत गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, मग बोर्डी आणि कोसबाड. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, म्हणजे शाळाच कुरणात न्यायची. माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंखशिंपले, बिया, दगड वापरले. एवढी मोठी बाई आमच्या गावात राहून गेली, आणि तिचं पुढचं मोठं काम झालं ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. अमरावतीकरांनी यावर विचार करायला हरकत नाही.

पंजाबराव देशमुखांचा रस्ता प्रत्यक्ष दाखवून शिकवण्याचा होता. पापळचा माणूस, १८९८ चा जन्म, इंग्लंडात शिकून आला आणि अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी १९५९-६० मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्याला आले होते. शेतकरी वाचून नव्हे तर पाहून शिकतो, ही त्यांची खात्री. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात सुरू झालं, आणि तिथली शिवार फेरी हे त्याच खात्रीचं आजचं रूप. विदर्भभरातून शेतकरी येतात आणि कापूस, सोयाबीन, तुरीच्या वाफ्यांतून फिरतात. प्रत्येक वाफ्यापुढं वाणाची पाटी. मी गेलो की पाट्यांकडे कमी आणि माणसांकडे जास्त पाहतो. एक जण वाफ्यात शिरतो, बोंड दाबून पाहतो, झाडाला खालपासून वरपर्यंत फळफांद्या किती ते मोजतो, मग शास्त्रज्ञाला विचारतो, "पाणी किती देल्लं याले?" खारपाणपट्ट्यातल्या माणसाचा हा पहिला प्रश्न. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूरच्या बऱ्याच भागात विहिरीचं पाणी खारं, ते पऱ्हाटीला चालत नाही, भरवसा पावसाचा. त्या प्रश्नावर जी चर्चा पेटते ती पाटीवर नसते. पाटी वाचून गेलेला माणूस वाणाचं नाव घेऊन जातो. ज्यानं पाणी विचारलं तो आपल्या वावराचा विचार करत जातो.

आमच्या खात्याची रीत मात्र सांगण्याची. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेची 'प्रशिक्षण आणि भेट' योजना आली. पंधरवड्याला आमचं प्रशिक्षण, त्यात ठरलेला संदेश, मग ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जाऊन संपर्क शेतकऱ्याला तो संदेश द्यायचा, आणि त्यानं इतरांना. सांगत फिरण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. योजना वाईट नव्हती. संकरित बियाणं, खताची मात्रा, बीजप्रक्रिया या गोष्टी त्यातून गावोगाव पोचल्या. पण औषधांच्या बाबतीत काय व्हायचं ते मी पाहिलं आहे. मी शुद्ध मराठीत औषधाचं नाव, प्रमाण, कोणत्या किडीसाठी, सगळं सांगायचो. आठ दिवसांनी तोच शेतकरी कृषी केंद्रात उभा राहून म्हणायचा, "त्या लाल डब्याचं द्या." त्याला नाव आठवत नव्हतं, कीड आठवत नव्हती. डब्याचा रंग आठवत होता, कारण डबा त्यानं स्वतः हाताळला होता.

अशा लोकांना शेतीशाळेत घेऊन बसलो तेव्हा काय झालं, ते एका सकाळवरून सांगतो. दर्यापूरकडचं गाव, ऑगस्टचा शेवट, पऱ्हाटी पात्यांवर आलेली. पाच-पाच जणांचे गट. वावरात शिरायचं, आडव्या-तिरप्या चालीनं काही झाडं घ्यायची, पानाच्या मागं पाहायचं. तुडतुडे किती, पांढरी माशी किती, फुलकिडे किती. बरोबरीनं मित्रकिडे मोजायचे, ढालकिडा, क्रायसोपा, कोळी. मग धुऱ्यावर झाडाखाली बसून मोठ्या कागदावर चित्र काढायचं. मधोमध पऱ्हाटीचं झाड, एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला मित्र, वर ढग का सूर्य ते, खाली जमिनीत ओल किती. शेवटी गटातल्या एकानं उभं राहून सांगायचं, फवारायचं का नाही, आणि का. बाकीच्यांनी उलटतपासणी करायची. आम्ही गप्प.

त्या दिवशी निंदणाला आलेल्या बायांनाही मी बसवून घेतलं होतं. पुरुष फवारतात, पण पानाशी दिवसभर नाक लावून असतात त्या बाया. एक जण पान घेऊन आली. त्यावर काळपट, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली अळी.

"साहेब, हे कोन्ती अळी हाय?"

"तुमाले कुठं सापडली मावशी?"

"पानाच्या मांगं. चिकटा होता तिथं."

"अन् करत काय होती?"

"करन काय? बसली होती." मग जरा थांबून, "थांबा, पाह्यतो मी."

तिनं चिकट्यानं, म्हणजे माव्यानं भरलेलं पान आणि ती अळी बाटलीत घातली, फडकं बांधलं आणि घरी नेली. पुढच्या आठवड्यात बाटली घेऊन आली ती सांगतच. दुसऱ्या दिवशी मावा अर्धा झाला. पानं बदलावी लागली, आणखी मावा आणून टाकला. मग अळी काचेला चिकटून बसली, तिला वाटलं मेली. आणि आता बाटलीत होता लालसर पाठीचा गोल ढालकिडा. हा किडा सगळ्यांना माहीत होता, मित्र म्हणूनच माहीत होता. पण ही काटेरी अळी त्याचंच पोर आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं तिला कीड समजून फवारत होते. ती बाई मला म्हणाली, "हे तं आपल्या कामाचं हाय. मंग फवारा कायले मारता?" मी जर पहिल्याच दिवशी 'लेडीबर्ड बीटलची अळी, मित्रकीटक' असं सांगून टाकलं असतं तर ते लाल डब्यासारखं विसरलं गेलं असतं. पुढच्या हंगामात तिच्या गल्लीतल्या पोरांनाही ही अळी ओळखता येत होती. मी त्यांना शिकवलं नव्हतं.

तुडतुड्यांचंही तसंच. पानामागं दोन-तीन झाले की फवाऱ्याचा विचार करायचा, हा आकडा आमच्या पत्रकांत कायम छापलेला असे. कोणी वाचला नाही. पण स्वतः मोजायला लागल्यावर गट आपसात वाद घालू लागले, आमच्या वावरात दीडच आहे, तुमच्यात कसे चार? मग कळे की शेजाऱ्यानं युरियाचा हात सढळ ठेवला आहे, पानं कोवळी लुसलुशीत झाली आहेत. खताचं व्याख्यान मी न देताच झालं.

स्वतः मोजून पाहण्याच्या या सवयीची किंमत २०१७ मध्ये कळली. बीटी कापूस २००२ मध्ये आला, २००६ मध्ये दुसऱ्या पिढीचा, आणि काही वर्षं बोंडअळी जणू विसरली गेली. गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. ही अळी बाहेरून दिसत नाही. बारीक असतानाच बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक बुजतं. बोंड हिरवंगार, आत सरकी खाल्लेली. तिला पकडायचं तर कामगंध सापळ्यातले पतंग रोज मोजावे लागतात, न उमललेली डोमकळी ओळखावी लागते, आणि हिरवी बोंडं तोडून, वीस घ्या, हातानं फोडून पाहावी लागतात. सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग, किंवा शंभरात दहा बोंडं किडकी, म्हणजे हालचाल करायची वेळ. त्या साली बहुतेकांना कळलं ते वेचणीला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-मजूर गेले. मी तोवर सेवानिवृत्त झालो होतो. माझ्या ओळखीतल्या ज्या घरांत बोंड फोडून पाहायची सवय लागली होती, त्यांना इतरांच्या आधी कळलं. सगळे वाचले असं नाही. पण त्यांनी काय करायचं ते दुकानदाराला विचारून ठरवलं नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणी मला वेड्यात काढेल. सगळंच शोधून शिकायचं नसतं. विषाची मात्रा, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या दिशेनं फवारणं, उपाशीपोटी पंप पाठीवर न घेणं, हे ठणकावून सांगायचं आणि करून घ्यायचं. तिथं प्रश्नोत्तरांचा खेळ नको. औटकीही पाठच हवी. किड्याला, मातीला, व्याजाला मात्र दुसऱ्याचं उत्तर पुरत नाही, कारण दर वावरात ते बदलतं.

आणि चांगली पद्धतही कशी मरते ते पाहिलं आहे. शाळांत ज्ञानरचनावाद आला. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर तर वर्गांच्या फरश्या रंगल्या. काही ठिकाणी खरंच पोरं बोलती झाली. काही ठिकाणी पाढे भिंतीवरून फरशीवर उतरले, एवढाच फरक. उत्तर आधीच रंगवून ठेवल्यावर पोरानं शोधायचं काय? शेतीशाळेचंही तसंच होताना दिसतं. बॅनर, हजेरी, फोटो, नाश्ता, आणि वावरात कोणी शिरत नाही. एका ठिकाणी तर चित्राचा कागद छापूनच आणलेला होता, मित्रकिडे आणि शत्रुकिडे जागच्या जागी. नव्या कृषी सहायकांचा यात दोष कमी. त्यांच्याकडं गावं जास्त, ॲपवर भरायची माहिती त्याहून जास्त. प्रश्न विचारून थांबायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणत्याही तक्त्यात धरलेला नसतो.

गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीपाशी, प्रवासातच गेले. त्यांचं कीर्तन ऐकलेली माणसं आता थोडी उरली. त्या वर्षी जो दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. बाबांवर पुस्तकं आहेत, प्रबोधनकारांचं आहे, गो. नी. दांडेकरांचं आहे, ध्वनिमुद्रणही आहे. त्यामुळे बाबा काय म्हणाले ते कुठं जात नाही. लोक काय म्हणाले ते मात्र फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही. मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली, अंजनगाव-सुर्जी, कुठंही तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. बाबांनी काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं, एवढं विचारा. साल, गाव, यात्रा आठवत असेल तर तेही लिहा. या उन्हाळ्यातच करा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.